छंदाचे तास आणि नोकरीचे तास : खासगी उड्डाणातून विमान कंपनीकडे केव्हा वळावे?

विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तेव्हा सोलापुरात विमान खरोखरच उतरणार की नाही यावर पैजा लागत होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये होटगी रस्त्यावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. पाठोपाठ डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला, म्हणजे इंडिगोला, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द करावी लागली. ‘वैमानिक कमी पडताहेत’ हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडील घराघरांत पोहोचले आणि ज्यांच्या घरात विमानाचे वेड असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘आता हीच वेळ’ असा लावला जाऊ लागला.

आमच्या ओळखीतील एक तरुण अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना सांभाळतो. वय एकतीस. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने खासगी उड्डाणाचा परवाना काढला आणि सवड मिळेल तसा तो विमान उडवून येतो. डिसेंबरातील बातम्या वाचून त्याने मला विचारले, “काका, आता कारखाना भावाकडे देऊन एअरलाइनच्या मागे लागू का?” प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर बातम्यांत सापडत नाही. ते परवान्यांच्या नियमांत, डॉक्टरांच्या खोलीत आणि घरच्या हिशेबाच्या वहीत सापडते, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पांढरी पाटी आणि पिवळी पाटी

रस्त्यावर पांढऱ्या पाटीची गाडी आपली आणि पिवळ्या पाटीची भाड्याची, हे आपण लांबूनच ओळखतो. आकाशातील परवान्यांचेही काहीसे तसेच आहे. खासगी वैमानिक परवाना, ज्याला सगळे पीपीएल म्हणतात, तो वयाच्या सतराव्या वर्षी, दहावी उत्तीर्ण असल्यास, किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. तो असला की स्वतःसाठी विमान उडवता येते, मित्राला शेजारी बसवता येते, पण त्याबद्दल एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, हा पगार घेऊन उडवण्याचा परवाना होय. त्यासाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, किमान २०० तासांचे उड्डाण आणि वरच्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. बारावी वाणिज्य किंवा कला शाखेतून झालेली मंडळी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून स्वतंत्रपणे देतात. ही अट काढावी की काय, याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या, पण बातमीच्या भरवशावर कोणी थांबून राहू नये.

हे परवाने देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, बोलीभाषेत डीजीसीए. सीपीएलसाठी हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा तिच्याकडेच द्याव्या लागतात, त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात, आणि रेडिओवरून बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की चाळीस तासांवरून दोनशेवर जायचे, म्हणजे राहिले एकशे साठ. हौसेने उडत राहिलो तर आज ना उद्या होतीलच. खासगी उड्डाण करणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत नेमकी इथेच होते.

गळकी घागर

सीपीएलच्या नियमात एक अट अशी आहे की हे २०० तास अर्ज करण्याच्या तारखेपूर्वीच्या पाच वर्षांतील असले पाहिजेत. त्याआधीचे तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, शोभेसाठी राहतात. या परवान्यासाठी ते मोजले जात नाहीत.

आता हिशेब मांडून पाहा. एखादा हौशी वैमानिक वर्षाला ५० तास उडत असेल, तर चार वर्षांत त्याचे २०० तास भरतात आणि तो मुदतीच्या आत बसतो. पण वर्षाला ५० तास म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक तास, आणि तोही पावसाळ्यातील ढगाळ आठवडे, दिवाळी, गड्ड्याची जत्रा, घरची लग्नकार्ये आणि विमान दुरुस्तीला गेल्याचे दिवस सांभाळून. प्रत्यक्षात नोकरी-धंदा करणारा माणूस २५–३० तासांच्या पुढे क्वचितच जातो. वर्षाला ३० तासांनी पाच वर्षांत होतात १५०, आणि सहाव्या वर्षी नवे ३० तास वरून पडतात तेव्हा पहिल्या वर्षाचे ३० तास खालून गळून गेलेले असतात. अशी घागर कितीही वर्षे नळाखाली धरली तरी १५० च्या वर भरत नाही. टॉवेलवाल्या तरुणाचे तीन वर्षांत ११० तास झाले होते आणि आपण अर्ध्याहून अधिक वाट चाललो आहोत अशी त्याची समजूत होती. त्याच्या पहिल्या वर्षाचे ४५ तास आणखी दोन वर्षांनी बाद व्हायला लागतील, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तास कोणत्या प्रकारचे असावेत, यावरही बंधने आहेत. दोनशेपैकी किमान १०० तास ‘पायलट-इन-कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची अंतिम जबाबदारी स्वतःकडे असताना केलेले हवेत, आणि त्यांतील १५ तास अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतील हवेत. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारी एकूण किमान २० तासांची उड्डाणे हवीत, त्यांत ३०० सागरी मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची एक फेरी दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण केलेली असावी. शिवाय फक्त उपकरणे पाहून केलेले १० तास आणि रात्रीचे ५ तास. त्याच धावपट्टीभोवती रविवारी सकाळी मारलेल्या चकरा मनाला कितीही समाधान देत असल्या, तरी या रकान्यांपैकी बरेचसे त्या रिकामेच ठेवतात.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. हौशी मंडळी लॉगबुक फार ढिलाईने ठेवतात. नोंद राहून गेली, शिक्षकाची सही घ्यायची राहिली, तास पेन्सिलीने लिहिले, असे प्रकार सर्रास आढळतात. व्यापाऱ्याला जशी खतावणी, तसे वैमानिकाला लॉगबुक, आणि पुढे कधी तरी व्यवसायात उतरण्याची एक टक्काही शक्यता असेल, तर ते पहिल्या दिवसापासून चोख ठेवावे.

पहिले दार डॉक्टरांचे

खासगी परवान्याला ‘क्लास टू’ वैद्यकीय प्रमाणपत्र चालते; व्यावसायिक परवान्याला ‘क्लास वन’ लागते. डोळे, रंगज्ञान, कान, हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, वजन हे सगळे त्यात अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. चष्मा असला म्हणजे दार बंद, हा आपल्याकडील जुना गैरसमज आहे. ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो. रंगांधत्व मात्र मोठा अडथळा ठरू शकते, आणि ते अनेकांना पंचवीस-तीस वर्षे वयापर्यंत स्वतःलाच माहीत नसते.

ही पहिली क्लास वन तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात होत नाही. ती हवाई दलाच्या ठरावीक केंद्रांत, उदाहरणार्थ दिल्ली किंवा बंगळूर येथे, किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांत होते. तारीख मिळण्यात वेळ जातो, आणि काही आढळल्यास ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळून काही महिन्यांनी पुन्हा जावे लागते. म्हणून माझे मत अगदी स्पष्ट आहे. कारखाना देणे, राजीनामा देणे, कर्जाचा अर्ज करणे हे सर्व क्लास वन प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर. ज्यांनी आधी ४० लाख भरले आणि मग तपासणीला गेले, त्यांच्या उलट्या क्रमाची किंमत फार जबर असते. हे प्रमाणपत्र पुढेही सामान्यतः दर वर्षी नव्याने मिळवावे लागते, म्हणजे नोकरी लागल्यावरही साखर आणि रक्तदाब हा घरगुती विषय राहत नाही.

पैसा कुठपर्यंत मोजायचा?

भारतात सीपीएलचे शिक्षण संस्थेनुसार साधारण ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाते. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो, आणि तो चुकीच्या ठिकाणी थांबतो. सीपीएल छोट्या विमानावर मिळते. विमान कंपनीचे एअरबस, बोइंग किंवा आपल्याकडे गोव्याला जाणारे एटीआर उडवण्यासाठी त्या-त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते आणि त्याची नोंद परवान्यावर होते. यालाच टाइप रेटिंग म्हणतात. साध्या यंत्रमागावर वीस वर्षे काढलेल्या कामगारालाही रेपियर लूमवर उभे करण्यापूर्वी शिकवावे लागते, तसेच हे आहे. फरक इतकाच की इथे शिकण्याचे १५ ते २५ लाख बहुधा शिकणाऱ्यालाच भरावे लागतात. सीपीएल झाली आणि पैसे संपले, अशी अवस्था म्हणजे नदीच्या मध्यावर होडीचे भाडे संपण्यासारखी आहे, कारण अनुभव नसलेल्या उमेदवाराला टाइप रेटिंगशिवाय संधी कमी आणि नोकरी नसताना टाइप रेटिंगला कर्ज मिळणे अवघड.

कर्जाचा आकडाही एकदा डोळ्यांसमोर ठेवावा. ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो. शिक्षणाच्या काळात हप्त्याला सवलत मिळाली तरी व्याज साचतच राहते. त्यात दीड-दोन वर्षांचे बुडालेले उत्पन्न धरावे, आणि परवाना मिळाल्यानंतर नोकरी लागेपर्यंतच्या किमान एका वर्षाचा घरखर्च बाजूला काढावा. एवढे गणित जुळत नसेल, तर ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर ‘ते जुळेल तेव्हा’ असेच द्यावे लागते.

“पण तुटवडा आहे ना? मग नोकरी तर लागणारच!”

ही शंका सर्वाधिक विचारली जाते, म्हणून जरा थांबून पाहू. नव्या नियमांनी वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळेत करता येणाऱ्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणली. थकलेला वैमानिक धोकादायक असतो, त्यामुळे हे योग्यच झाले. पण तेवढ्याच उड्डाणांना अधिक माणसे लागू लागली. ही माणसे कोण? उजव्या खुर्चीतील सहवैमानिक, म्हणजे फर्स्ट ऑफिसर, आणि डाव्या खुर्चीतील कॅप्टन. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा आणखी वरचा परवाना लागतो आणि त्याला किमान १५०० तासांचा अनुभव हवा. २०० तासांचा नवा परवानाधारक कॅप्टनची उणीव भरून काढू शकत नाही. त्यामुळे एकीकडे कंपन्या अनुभवी वैमानिकांसाठी धडपडतात आणि दुसरीकडे सीपीएल घेऊन बसलेली मुले अर्ज करीत राहतात, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

दुसरी बाब वेळेची. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा आजचा भाव पाहून उद्या लागवड करणाऱ्याचे काय होते, हे इथे कोणाला शिकवायला नको. शिवाय हे पीक कांद्यासारखे चार महिन्यांत निघत नाही. आडसाली उसासारखे दीड वर्ष तरी शेतात उभे राहते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. मार्च २०२० मध्ये ज्यांच्या हातात नवाकोरा परवाना पडला, त्यांनी दोन महिने रिकामे आकाश पाहिले आणि नंतर बराच काळ भरतीच पाहिली नाही. उलट २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, म्हणजे पुढील काही वर्षांत माणसे लागणार हेही खरे. मला वाटते, बातमी चांगली असो वा वाईट, तिच्यावरून सुरुवातीची तारीख ठरवू नये. पडत्या काळात एक-दोन वर्षे तग धरता येईल का, एवढेच तिच्याकडून शिकावे.

“एकतिशी म्हणजे उशीर झाला का?”

कायद्याने सीपीएलला वरची वयोमर्यादा नाही आणि व्यावसायिक उड्डाण ६५ व्या वर्षापर्यंत करता येते. एकतिसाव्या वर्षी सुरुवात करून तेहतीस-चौतिसाव्या वर्षी रुजू झाले, तरी तीस वर्षे उरतात. मात्र विमान कंपन्यांत ज्येष्ठतेची यादी चालते. डावी खुर्ची केव्हा मिळणार, कोणत्या शहरात राहायचे, दिवाळीची रजा कोणाला, यांतील पुष्कळसे रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते, आणि कारखान्यात शंभर माणसे हाताखाली असली तरी या यादीत तेवीस वर्षांचा मुलगा सहा महिने आधी आला असेल तर तो पुढे असतो. वय वाढले म्हणून दार बंद होत नाही, पण प्रत्येक वर्षाच्या विलंबाची वजाबाकी करिअरच्या शेवटच्या टोकाकडून, म्हणजे कॅप्टनच्या पगाराच्या वर्षांतून होते, हे ध्यानात ठेवावे.

“मला उड्डाणाची आवड आहे, तेवढे पुरे नाही का?”

जे. आर. डी. टाटांचे उदाहरण इथे हटकून दिले जाते. त्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान उडवत मुंबईला आले. हौसेतून विमान कंपनी उभी राहिली ती अशी. पण त्यांनी कंपनी काढली, कंपनीत नोकरी धरली नाही, हा तपशील सांगणारा विसरतो.

हौसेचे उड्डाण आणि नोकरीचे उड्डाण यांत घरी चार माणसांसाठी हुरडा पार्टी करणे आणि रोज पाचशे पानांचा आचारी होणे, एवढे अंतर आहे. आज पुरणपोळी करावीशी वाटते की नाही, हे आचाऱ्याला कोणी विचारत नाही. खासगी वैमानिक हवा बरी नसेल तर घरी बसतो, मनात आले तर पंढरपूरच्या बाजूने वळसा घालतो. विमान कंपनीत पहाटे तीनला उठायचे, ठरलेली यादी ठरलेल्या शब्दांत वाचायची, सोबतच्या वैमानिकाशी ठरलेल्या वाक्यांतच बोलायचे, आणि बराचसा प्रवास स्वयंचलित यंत्रणेवर लक्ष ठेवण्यात घालवायचा. वर्षाला १००० तासांची मर्यादा आहे, आणि सणाच्या दिवशी हमखास काम असते, कारण सणालाच प्रवासी असतात. ही शिस्त अनेकांना मनापासून आवडते. समूहाने अचूक काम करण्याचा तो आनंद वेगळाच आहे. पण स्वातंत्र्यासाठी उडणाऱ्या माणसाला ती जाचते. म्हणून परीक्षा करायची झाल्यास रविवारच्या रम्य सकाळी करू नये. एखाद्या प्रशिक्षण संस्थेत सलग तीन आठवडे राहून रोज उडावे, रोज शिक्षकाची टीका ऐकावी, उपकरणांवरील कंटाळवाणे तास करावेत, आणि चौथ्या आठवड्यात जावेसे वाटते का ते पाहावे. सोलापूरकरांना त्यासाठी फार लांब जायला नको. बारामतीला उड्डाण प्रशिक्षण चालते.

मग सोडायचे केव्हा?

माझे उत्तर असे की हा निर्णय पीपीएल मिळाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच, ‘हो’ किंवा ‘नाही’ असा स्पष्ट करावा. सर्वांत महाग पडते ते मधले लोंबकळणे, कारण पैसे खर्च होत राहतात आणि तास गळत राहतात. ‘हो’ असेल, तर चालू कामधंदा एका दिवसात सोडण्याचीही गरज नाही. क्लास वन तपासणी आणि लेखी परीक्षांचा अभ्यास या दोन गोष्टी कारखाना सांभाळून, रात्री जागून होऊ शकतात. ते दोन्ही पार पडले, टाइप रेटिंगपर्यंतचा पैसा आणि एका वर्षाचा घरखर्च कागदावर दिसू लागला, म्हणजे मग कामातून पूर्ण मोकळे व्हावे आणि उरलेले तास सलग, एका दमात पूर्ण करावेत. आठवड्यातून एकदा उडणारा मागच्या धड्याची उजळणी करण्यातच अर्धा तास घालवतो. रोज उडणाऱ्याचा तो अर्धा तास आणि त्याचे पैसेही वाचतात. परदेशातून लवकर करून येतो असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिकडचा परवाना भारतात आपोआप चालत नाही. इथल्या परीक्षा आणि तपासण्या देऊन तो बदलून घ्यावा लागतो. नियमही अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात डीजीसीएच्या संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावेत, संस्थेच्या माहितीपत्रकात नव्हे.

आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. खासगी परवाना जिवंत ठेवायला २०० तासांच्या मागे धावावे लागत नाही. वर्षाचे थोडे तास आणि क्लास टू प्रमाणपत्र सांभाळले की भागते. आमच्या तरुणाने बंगळूरच्या तपासणीची तारीख घेतली आहे. तोवर भावाला त्याने काही सांगितलेले नाही. अहवाल हातात आल्यावर सांगेन म्हणतो.